विश्लेषण : अमेरिकेच्या पहिल्या सरन्यायाधीशांनी तेच पद दुसऱ्यांदा का नाकारले?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील नऊपैकी एक खुर्ची रिकामी झाली की तिथे सार्वत्रिक निवडणुकीइतकीच रणधुमाळी माजते. नियुक्ती तहहयात असते. अध्यक्ष येतात आणि जातात, त्यांनी नेमलेले न्यायमूर्ती मात्र पुढची पंचवीस-तीस वर्षे देशाची दिशा ठरवत बसतात. पण डिसेंबर १८०० मध्ये याच न्यायालयाचे सरन्यायाधीशपद एका माणसापुढे ताटात वाढून ठेवले गेले होते. अध्यक्षांनी नाव सुचवले, सिनेटने मंजुरीही दिली, त्या माणसाला विचारण्याचे तेवढे राहिले होते. त्याने नकार कळवला. त्याचे नाव जॉन जे. हे पद कसे असते हे त्याला पुरते ठाऊक होते, कारण देशाचा पहिला सरन्यायाधीश तोच होता.

(आडनाव एकाक्षरी आणि त्यात मराठीतल्या सर्वनामासारखे असल्याने वाक्यात घोटाळा होतो. म्हणून या लेखात त्यांचा उल्लेख पूर्ण नावानेच केला आहे.)

जॉन जे यांचे घराणे कोणते?

जन्म १२ डिसेंबर १७४५, न्यूयॉर्क. वडील पीटर हे सधन व्यापारी, आई मेरी ही व्हॅन कॉर्टलँड या बड्या डच घराण्यातली. वडिलांकडचे पूर्वज ह्यूगनो, म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये त्यांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर जे हजारो लोक देशोधडीला लागले, त्यांत जॉन जे यांचे आजोबा ऑगस्टस होते. छळाच्या या आठवणी घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात. त्यातून जॉन जे यांच्या मनात कॅथलिक पंथाविषयी आणि फ्रान्सच्या दरबाराविषयी जी अढी बसली ती कायमची. तिचा एकदा देशाला फायदा झाला आणि एकदा त्यांच्या स्वतःच्या नावाला बट्टा लागला. दोन्ही गोष्टी पुढे येतीलच.

घर श्रीमंत असले तरी सुखी नव्हते. देवीच्या साथीत त्यांच्या एका भावाची आणि एका बहिणीची दृष्टी गेली. या मुलांना शहराच्या गर्दीतून दूर ठेवावे म्हणून कुटुंब राय या गावी राहायला गेले. जॉन जे चौदाव्या वर्षी किंग्ज कॉलेजात दाखल झाले (हेच आजचे कोलंबिया विद्यापीठ), १७६४ मध्ये पदवीधर झाले आणि १७६८ मध्ये वकील. वकिली उत्तम चालली. १७७४ च्या एप्रिलमध्ये सारा लिव्हिंग्स्टनशी लग्न झाले. ती १७ वर्षांची, ते २८ वर्षांचे. लिव्हिंग्स्टन हे त्या प्रांतातले वजनदार घराणे. त्याच वर्षी ब्रिटिश सत्तेविरुद्ध वसाहतींची पहिली काँग्रेस फिलाडेल्फियात भरली आणि हे नवे जावई तिथे प्रतिनिधी म्हणून गेले.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही का नाही?

आपल्याकडच्या काँग्रेसच्या इतिहासातले मवाळ आणि जहाल हे शब्द इथे चपखल बसतात. जॉन जे मवाळ होते. इंग्लंडच्या जनतेला उद्देशून काढलेले पहिल्या काँग्रेसचे निवेदन त्यांच्याच लेखणीतले. १७७५ मध्ये लढाई सुरू झाल्यावरही राजाकडे समेटाचा एक शेवटचा अर्ज करावा, असा आग्रह धरणाऱ्यांत ते होते. राजा तिसऱ्या जॉर्जने तो अर्ज स्वीकारलाही नाही. त्यानंतर मात्र जॉन जे मागे वळून पाहात बसले नाहीत. जुलै १७७६ मध्ये फिलाडेल्फियात जाहीरनामा मंजूर होत होता, तेव्हा ते न्यूयॉर्क प्रांताच्या काँग्रेसमध्ये अडकले होते. सही नसण्याचे कारण एवढेच.

न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याकडे आलेले काम मवाळ माणसाला न शोभणारे होते. ब्रिटिशांना फितूर झालेल्यांना हुडकून काढणाऱ्या समितीत ते होते. संशयितांची चौकशी करणे, हेर पेरणे, कुणाला कैदेत टाकायचे आणि कुणाला सोडायचे हे ठरवणे असा तो कारभार. त्यात बालपणीचे मित्र आणि नातलगांचे शेजारीही निघत. त्यांचे थोरले भाऊ जेम्स यांनी तयार केलेली अदृश्य शाई जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हेरांनी वापरली. पुढे म्हातारपणी जॉन जे यांनी सांगितलेल्या एका हेराच्या हकिकतीवरून जेम्स फेनिमोर कूपर यांना ‘द स्पाय’ ही कादंबरी सुचली आणि ती १८२१ मध्ये आली. सीआयएच्या मुख्यालयात आज जॉन जे यांच्या नावाची एक खोली आहे.

१७७७ मध्ये न्यूयॉर्क राज्याची पहिली राज्यघटना झाली, तिचा मसुदा मुख्यतः त्यांचा. तो करताना कॅथलिकांना पोपची निष्ठा जाहीरपणे सोडल्याशिवाय नागरिकत्वाचे हक्क देऊ नयेत, असा प्रस्ताव त्यांनी आणला. सहकाऱ्यांनी तो फेटाळला, पण बाहेरून येणाऱ्यांच्या नागरिकत्वाच्या कलमात त्याची सौम्य आवृत्ती शिरलीच. धर्मछळातून पळून आलेल्यांचा नातू दुसऱ्यांच्या धर्मावर अट घालत होता. त्यांच्या चरित्रातली ही बाजू गौरवलेखांत सहसा येत नाही.

माद्रिदमध्ये काय झाले?

राज्याचे मुख्य न्यायाधीश, मग डिसेंबर १७७८ पासून काही महिने राष्ट्रीय काँग्रेसचे अध्यक्ष आणि १७७९ मध्ये स्पेनला वकिलात. चढती कमान दिसते, पण स्पेनची वकिलात म्हणजे नुसती अवहेलना होती. जाताना भर समुद्रात जहाजाच्या डोलकाठ्या मोडल्या आणि वाटेत मार्टिनिक बेटावर थांबावे लागले. जानेवारी १७८० मध्ये स्पेनला पोहोचल्यावर दरबाराने त्यांना राजदूत म्हणून मान्यताच दिली नाही. स्वतःच्या वसाहती असलेल्या राजाला दुसऱ्याच्या वसाहतींचे बंड मान्य करणे परवडणारे नव्हते. त्यातच काँग्रेसने स्पेनकडून कर्ज मिळणार असे गृहीत धरून जॉन जे यांच्या नावावर आधीच हुंड्या काढून ठेवल्या होत्या. पैसे आले नाहीत, हुंड्या मात्र येत राहिल्या. १७८२ मध्ये त्या परत करण्याची नामुष्की ओढवली. माद्रिदमध्ये जन्मलेली मुलगी काही आठवड्यांतच गेली.

तिथून फ्रँकलिन यांनी त्यांना पॅरिसला बोलावले.

पॅरिसच्या तहात त्यांचे योगदान कोणते?

ब्रिटनशी तहाची बोलणी करण्याचे काम बेंजामिन फ्रँकलिन, जॉन अॅडम्स आणि जॉन जे यांच्याकडे होते. काँग्रेसची आज्ञा अशी की फ्रान्सच्या सल्ल्याबाहेर पाऊल टाकायचे नाही. फ्रान्सच्या पैशावर आणि आरमारावर युद्ध चालले होते, त्यामुळे आज्ञा गैर नव्हती. जॉन जे यांना मात्र पहिल्यापासून संशय होता. फ्रान्सला अमेरिका स्वतंत्र हवी आहे, पण बळकट नको, असे त्यांचे मत झाले. फ्रेंच परराष्ट्रमंत्र्यांचा विश्वासू सचिव गुपचूप लंडनला गेल्याचे कळताच त्यांनी आपला माणूस त्याच्या पाठोपाठ लंडनला रवाना केला आणि फ्रान्सला बाजूला ठेवून थेट बोलणी सुरू झाली. घराण्यातली जुनी अढी इथे उपयोगी पडली, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा मुद्दा कागदावरचा होता, पण मोलाचा. ब्रिटिश वकील रिचर्ड ऑस्वल्ड यांच्या अधिकारपत्रात समोरच्या पक्षाचा उल्लेख वसाहती असा होता. फ्रँकलिन यांना त्यात फारसे वावगे वाटले नाही. जॉन जे अडून बसले. अमेरिकेची संयुक्त संस्थाने या नावाने अधिकारपत्र आल्याशिवाय बोलणी नाहीत. त्यात काही आठवडे गेले, पण नवे पत्र आले. ३० नोव्हेंबर १७८२ रोजी प्राथमिक तह झाला आणि ३ सप्टेंबर १७८३ रोजी अंतिम. नव्या देशाची हद्द थेट मिसिसिपी नदीपर्यंत गेली, हे जिंकलेल्या लढायांच्या मानाने खूपच होते. या प्रसंगाचे चित्र बेंजामिन वेस्ट यांनी काढायला घेतले, पण ब्रिटिश प्रतिनिधी चित्रासाठी बसलेच नाहीत. अमेरिकी मंडळी एका बाजूला आणि उरलेला कॅनव्हास कोरा, असे ते चित्र आजही तसेच आहे.

अॅबिगेल कोण होती?

पॅरिसच्या त्या बिऱ्हाडात अॅबिगेल नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री होती. जॉन जे कुटुंबाची गुलाम. त्यांची मुले सांभाळायला तिला आधी स्पेनला आणि मग फ्रान्सला नेण्यात आले. स्वातंत्र्याच्या तहावर सह्या झाल्या त्याच वर्षी, १७८३ मध्ये, जॉन जे इंग्लंडला गेलेले असताना, ती घर सोडून निघून गेली. पोलिसांकरवी तिला पकडून तुरुंगात ठेवण्यात आले. थोडी अद्दल घडली की येईल, असा घरच्यांचा आणि फ्रँकलिन यांचा होरा. परत यायला ती राजी नव्हती. तुरुंगातल्या थंडीत ती आजारी पडली, तेव्हा कुठे तिला घरी आणले आणि काही दिवसांतच ती वारली. तिला काय हवे होते ते तिने पळून जाऊन सांगितले होते. तिच्या हातची एक ओळही मागे उरलेली नाही. जे कळते ते मालकांच्या पत्रांतून.

पुढच्याच वर्षी जॉन जे यांनी मार्टिनिकमध्ये विकत घेतलेल्या बेन्वा नावाच्या तरुणाला आणखी काही वर्षे चाकरी केल्यावर मुक्त करण्याचा लेख करून दिला. आणि १७८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गुलाममुक्तीसाठी जी संस्था निघाली, तिचे पहिले अध्यक्ष जॉन जे होते. या संस्थेने १७८७ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी मोफत शाळा काढली, पळवून विकल्या जाणाऱ्या माणसांचे खटले लढवले. संस्थेचे अनेक सभासद स्वतः गुलामांचे मालक होते. अध्यक्षही होते. गुलाम विकत घ्यायचा, किंमत फिटेल इतकी वर्षे त्याच्याकडून काम करून घ्यायचे आणि मग मुक्त करायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्या काळाच्या मानाने ती उदार म्हणतात. ज्याची वर्षे जात होती त्याला ती कशी वाटत असेल, हा प्रश्न उरतोच.

पहिल्या सर्वोच्च न्यायालयापुढे खटले किती होते?

मधल्या काळात ते देशाचा परराष्ट्र व्यवहार पाहात होते. राज्ये कर देत नव्हती, तह पाळत नव्हती, आणि केंद्राच्या हाती काहीच नव्हते. त्यामुळे नव्या राज्यघटनेचे ते कट्टर पुरस्कर्ते झाले. घटनेच्या बाजूने लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ या ८५ लेखांपैकी त्यांचे पाचच आहेत. कारण ते आजारी पडले. त्यातच एप्रिल १७८८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांविरुद्ध दंगल उसळली (शवविच्छेदनासाठी थडगी उकरल्याचा राग होता), ती शांत करायला गेले असताना डोक्यात दगड बसला. राष्ट्राध्यक्ष हा जन्माने नागरिक असावा, ही सूचना वॉशिंग्टन यांना पत्राने करणारेही तेच. ती अट घटनेत आहे आणि आजही निवडणुकांत तिच्यावरून वाद होतात.

२४ सप्टेंबर १७८९ रोजी वॉशिंग्टन यांनी त्यांना सरन्यायाधीशपदासाठी निवडले. वय ४३. पहिली बैठक १ फेब्रुवारी १७९० रोजी न्यूयॉर्कच्या एका बाजारइमारतीत ठरली होती, पण सहापैकी तीनच न्यायमूर्ती पोहोचले. दुसऱ्या दिवशी गणपूर्ती झाली. न्यायालय सज्ज होते, खटला एकही नव्हता. पहिली काही सत्रे वकिलांना सनदा देण्यात आणि नियम करण्यात गेली.

खरे काम फिरतीचे होते. न्यायमूर्तींनी वर्षातून दोनदा आपापल्या विभागात जाऊन तिथली न्यायालये चालवायची, असा कायदा होता. चिखलाचे रस्ते, घोडागाड्या, बर्फ, खानावळीतले मुक्काम. वर्षातले कित्येक महिने घराबाहेर. शिवाय फिरतीवर ज्याने निकाल दिला, त्याच्याच निकालावरचे अपील पुढे त्याच्या न्यायालयात येणार, हा घोळ वेगळाच. न्यायमूर्तींनी तक्रारी केल्या तेव्हा काँग्रेसने ओझे थोडे कमी केले, पद्धत मोडली नाही.

जो पहिला मोठा निकाल दिला तोही टिकला नाही. युद्धकाळात जॉर्जिया राज्याला माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याचे पैसे राज्याने बुडवले. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या इस्टेटीच्या वतीने चिझम यांनी दावा लावला. दुसऱ्या राज्याचा नागरिक एखाद्या राज्याला न्यायालयात खेचू शकतो का? फेब्रुवारी १७९३ मध्ये चार विरुद्ध एक अशा मतांनी न्यायालयाने होय म्हटले. जॉन जे यांचा युक्तिवाद असा की अमेरिकेत राजा नाही. सार्वभौम आहे ती जनता, मग तिने निर्माण केलेले राज्य तिच्यापैकीच एकाला उत्तर द्यायला का नकार देते? जॉर्जिया तर सुनावणीलाही आली नव्हती. निकालानंतर तिथल्या कनिष्ठ सभागृहाने हा निकाल बजावायला येणाऱ्याला फाशी देण्याचे विधेयक मंजूर केले. कर्जात बुडालेली इतर राज्येही हादरली. दोन वर्षांत, १७९५ मध्ये, अकरावी घटनादुरुस्ती संमत होऊन निकाल पुसला गेला.

राष्ट्राध्यक्षांना सल्ला देण्यास नकार का दिला?

या न्यायालयाची सर्वांत टिकाऊ कामगिरी निकालपत्रात नाही, एका पत्रात आहे. १७९३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सचे युद्ध जुंपले. अमेरिकेला तटस्थ राहायचे होते, पण फ्रान्सशी जुना तह होता. फ्रेंच जहाजांना अमेरिकी बंदरांत काय करू द्यायचे, काय नाही? परराष्ट्रमंत्री थॉमस जेफर्सन यांनी वॉशिंग्टन यांच्या वतीने न्यायमूर्तींकडे २९ प्रश्नांची यादी पाठवली. ऑगस्टमध्ये उत्तर आले. आम्ही खटल्यांचा निवाडा करतो, सरकारला सल्ला देणे आमचे काम नाही, असा त्याचा आशय. नकार अतिशय विनयाने कळवला होता, पण तो नकारच होता आणि तोही वॉशिंग्टन यांना. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय आजतागायत सल्लागारी मत देत नाही.

भारताने उलटा मार्ग घेतला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४३ नुसार राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवू शकतात. राज्यपालांच्या मंजुरीबाबत मे २०२५ मध्ये पाठवलेले १४ प्रश्न याच तरतुदीखालचे. मात्र आपले न्यायालयही उत्तर नाकारू शकते. अयोध्या प्रकरणी आलेला प्रश्न १९९४ मध्ये त्याने अनुत्तरित परत पाठवला होता.

गंमत अशी की संस्था म्हणून नाही म्हणणारे जॉन जे व्यक्ती म्हणून वॉशिंग्टन आणि हॅमिल्टन यांना खासगीत सल्ले देतच होते. तटस्थतेच्या घोषणेचा एक मसुदाही त्यांनी लिहून दिला होता. पदावर असतानाच १७९२ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली. आज हे कल्पनेतही बसणार नाही. तीन परगण्यांची मते तांत्रिक कारणांवरून बाद ठरवून विरोधकांनी त्यांना १०८ मतांनी हरवले. समर्थक रस्त्यावर उतरायला तयार होते, त्यांनी आवरले.

‘जॉन जे तह’ इतका बदनाम का झाला?

१७९४ मध्ये ब्रिटनशी पुन्हा युद्ध होणार अशी चिन्हे होती. ब्रिटिश आरमार वेस्ट इंडीजमध्ये अमेरिकी जहाजे शेकड्याने पकडत होते, खलाशांना जबरीने नौदलात भरती करत होते. पहिल्या तहात सोडायचे कबूल केलेले सीमेवरचे किल्लेही अजून ब्रिटिशांच्याच ताब्यात होते. वॉशिंग्टन यांनी सरन्यायाधीशांनाच लंडनला धाडले. पदाचा राजीनामा न देता ते गेले, यावरही टीका झाली आणि ती रास्त होती.

१९ नोव्हेंबर १७९४ रोजी तह झाला. किल्ले १७९६ पर्यंत सोडायचे, पकडलेल्या जहाजांची भरपाई आणि जुनी कर्जे यांचा निवाडा उभयपक्षी आयोगांनी करायचा. यातून अमेरिकी व्यापाऱ्यांना पुढे एक कोटी डॉलरहून अधिक मिळाले आणि देशादेशांतले तंटे लवादाने सोडवण्याची आधुनिक परंपरा इथूनच मोजतात. पण खलाशांच्या सक्तीच्या भरतीबद्दल तहात अक्षर नव्हते. वेस्ट इंडीजच्या व्यापाराला ७० टनांहून मोठे जहाज चालणार नाही, अशी अट होती, ती सिनेटने काढून टाकली. युद्धात ब्रिटिशांबरोबर निघून गेलेल्या गुलामांची भरपाई जॉन जे यांनी सोडून दिली म्हणून दक्षिणेतले मळेवाले खवळले.

आपल्या दृष्टीने एक कलम लक्षणीय आहे. तेराव्या कलमाने ईस्ट इंडियातील ब्रिटिश बंदरे अमेरिकी जहाजांना रीतसर खुली झाली. म्हणजे कोलकाता, मद्रास, मुंबई. किनाऱ्याकिनाऱ्याने व्यापार करायचा नाही, माल थेट अमेरिकेलाच न्यायचा, अशा अटी होत्या. तरी कंपनीच्या मक्तेदारीत ही मोठीच फट होती.

सिनेटने २४ जून १७९५ रोजी २० विरुद्ध १० अशा मतांनी, म्हणजे नेमक्या दोनतृतीयांशांनी, तह मंजूर केला. तोवर मजकूर गुप्त होता. एका सिनेटरने तो वर्तमानपत्राकडे पोहोचवला आणि आग भडकली. गावोगाव जॉन जे यांच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. न्यूयॉर्कमध्ये तहाची बाजू मांडायला उभ्या राहिलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्यावर दगड आले. अंमलबजावणीचा पैसा प्रतिनिधीगृहात ५१ विरुद्ध ४८ असा कसाबसा मंजूर झाला. याहून चांगला तह करता आला असता का, यावर इतिहासकार अजून भांडतात. दुबळ्या देशाला त्याने युद्धाविना काही वर्षे मिळवून दिली, एवढे मात्र नक्की.

गव्हर्नर म्हणून त्यांनी काय केले?

मे १७९५ च्या अखेरीस ते परतले तेव्हा न्यूयॉर्कने त्यांना, ते देशात नसताना, गव्हर्नर निवडून दिले होते. तहाचा मजकूर मतदानाआधी फुटला असता तर निकाल वेगळा लागला असता, असे वाटते. सरन्यायाधीशपद सोडून ते गव्हर्नर झाले. तेव्हा राज्याचे गव्हर्नरपद वरचढ होते, हे यावरून कळते.

२९ मार्च १७९९ रोजी त्यांनी गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणाऱ्या कायद्यावर सही केली. १७८५ मध्ये असाच प्रयत्न मुक्त कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या वादात फसला होता. नवा कायदा सावध होता. ४ जुलै १७९९ नंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेले मूल स्वतंत्र, पण मुलाने २८ व्या आणि मुलीने २५ व्या वर्षापर्यंत आईच्या मालकाची चाकरी करायची. आधी जन्मलेल्यांना यातून काही मिळाले नाही. त्यांची सुटका पुढच्या कायद्याने ४ जुलै १८२७ रोजी झाली. सहीच्या पुढच्या वर्षी, १८०० च्या जनगणनेत, जॉन जे यांच्या घरी पाच गुलामांची नोंद आहे.

त्याच १८०० च्या मे महिन्यात हॅमिल्टन यांचे एक पत्र आले. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाची निवडणूक त्यांचा फेडरलिस्ट पक्ष हरला होता. नवे विधिमंडळ जेफर्सन यांच्या बाजूचे अध्यक्षीय निर्वाचक निवडणार हे उघड होते. तेव्हा नवे सभासद बसण्याआधी जुन्या विधिमंडळाचे तातडीचे अधिवेशन बोलवा आणि निवडीचा नियमच बदला, असा हॅमिल्टन यांचा आग्रह होता. देश वाचवायचा आहे, बारीकसारीक संकोच नकोत, असा सूर. गव्हर्नर त्याच पक्षाचे, लेखक जुना मित्र. जॉन जे यांनी पक्षासाठी असे काही करणे आपल्याला शोभणार नाही, असा शेरा पत्रावर लिहिला आणि पत्र ठेवून दिले. त्यांनी उत्तरही पाठवले नाही. जेफर्सन अध्यक्ष झाले.

मग सरन्यायाधीशपद का नाकारले?

पराभूत होऊन निघालेले अध्यक्ष जॉन अॅडम्स यांना जाण्याआधी न्यायालय भरोशाच्या हाती द्यायचे होते. सरन्यायाधीश ऑलिव्हर एल्सवर्थ यांनी प्रकृतीमुळे राजीनामा दिला होता. अॅडम्स यांनी न विचारताच जॉन जे यांचे नाव पाठवले. २ जानेवारी १८०१ च्या पत्राने नकार आला. प्रकृती हे एक कारण होते. पण त्यांनी खरे दुखणेही सांगितले. न्यायालयाची रचनाच सदोष आहे, राष्ट्रीय सरकारला आधार देण्याइतके बळ, वजन आणि प्रतिष्ठा त्याला कधी मिळेल असे वाटत नाही आणि ज्या फिरतीविरुद्ध आपण तक्रार केली तीच पत्करून परत गेलो तर ती व्यवस्था आपल्याला मान्य आहे असे होईल.

जे पाहिले त्यावरून काढलेला हा निष्कर्ष अवास्तव नव्हता. निकाल पुसला गेलेला, सरन्यायाधीश चिखलात अडकलेल्या घोडागाडीत. तरीही तो चुकला. नकाराचे पत्र हातात असताना अॅडम्स यांच्यासमोर त्यांचे परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल बसले होते. वय ४५. अॅडम्स यांनी त्यांचेच नाव पाठवायचे ठरवले. मार्शल ३४ वर्षे सरन्यायाधीश राहिले. १८०३ च्या मारबरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात त्यांनी घटनाविरोधी कायदा रद्दबातल ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार प्रस्थापित केला. ज्या वजनाची आशा जॉन जे यांनी सोडली होती, ते तिथून येऊ लागले.

निवृत्तीची वर्षे कशी गेली?

१८०१ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, सगळे सोडून ते बेडफर्डच्या शेतावर राहायला गेले. सारासोबत निवांत राहायचे, हे कित्येक वर्षांचे स्वप्न होते. १८०२ च्या मेमध्ये सारा गेली. पुढची २७ वर्षे त्यांनी तिथेच काढली. शेती, वाचन, बायबल. १८१९ मध्ये मिसुरीला गुलामगिरीसह राज्याचा दर्जा देण्याची चर्चा सुरू झाली तेव्हा नव्या राज्यांत ती शिरू देऊ नये, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

पुढची पिढी वडिलांपेक्षा निर्धास्त निघाली. पीटर ऑगस्टस यांनी १८२१ मध्ये न्यूयॉर्कच्या घटना परिषदेत कृष्णवर्णीयांच्या समान मताधिकारासाठी बाजू लढवली आणि ते हरले. धाकटे विल्यम देशातल्या प्रमुख गुलामगिरीविरोधी लेखकांपैकी एक झाले. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केला, ते लोक म्हणजे या चळवळीतलेच.

तहातले एक कलमही अजून जिवंत आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मूळनिवासींना अमेरिका आणि कॅनडा यांच्यात मुक्तपणे ये-जा करता येईल, असे १७९४ मध्ये मान्य झाले होते. त्या आधारावर कॅनडात जन्मलेले मूळनिवासी आजही अमेरिकेत राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क सांगतात आणि अमेरिकी कायदा तो मान्य करतो.

जॉन जे १७ मे १८२९ रोजी वारले, वय ८३. मृत्युपत्रात त्यांनी अंत्यविधीबद्दल लिहून ठेवले होते. तेव्हाच्या प्रथेप्रमाणे आलेल्यांना उपरणी आणि अंगठ्या वाटायच्या नाहीत. त्याऐवजी गावातल्या एखाद्या गरीब विधवेला किंवा अनाथाला २०० डॉलर द्यायचे, कुणाला ते मुलांनी ठरवावे.